सोवळ्यातला ड्रायव्हर

माझ्या लॅपटॉपच्या पुढच्या कडेला एक निळा दिवा होता. वायरलेस चालू असलं की तो लागतो, असं सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. माझा लागत नव्हता. मी पहिल्याच आठवड्यात मशीनवरचं विंडोज पुसून लिनक्स टाकलं होतं, आणि वायरलेस कार्ड बनवणाऱ्या कंपनीला लिनक्सवाल्यांशी बोलायचंच नव्हतं. कार्डाकडून काम कसं करून घ्यायचं हे कॉम्प्युटरला सांगणारा जो प्रोग्राम असतो, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो कंपनीनं फक्त विंडोजसाठी लिहिला होता. माहिती मागणारी पत्रं गेली की कंपनी गप्प. म्हणजे लॅपटॉप माझा, त्यातलं कार्डही माझं, आणि दोघं एका घरात राहून अबोला धरून बसलेले.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. पुण्यात तेव्हा ज्याला माऊस धरता येत होता तो हिंजवडीकडे धावत होता. मी खडकी बाजारातल्या एका क्लासमध्ये प्रोग्रॅमिंग शिकवत होते आणि आईबाबांबरोबर फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होते. बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात. भंडाऱ्याहून बदली होऊन आम्ही इकडे आलो तेव्हा मी आठवीत होते. लॅपटॉप बाबांनीच घेऊन दिला होता, आणि त्यावर मी काय करते याचा त्यांना पत्ता नसला तरी अभिमान दांडगा होता.

‘कशाला डोक्याला ताप? विंडोज टाक परत,’ असं मला सगळ्यांनी सांगून पाहिलं. मला कोणी ‘कशाला’ म्हटलं की मी ते करतेच. हा स्वभाव माझ्या आईचा, असं बाबा म्हणतात. आई म्हणते, बाबांचा.

तर ड्रायव्हर आपणच लिहायचा असं ठरवणारी आमच्यासारखी खुळी माणसं जगात बरीच होती, आणि पुण्यातली पाच-सहा दर रविवारी बिबवेवाडीत अनिरुद्ध सरांच्या फ्लॅटवर जमायची. सर एका कॉलेजातून लवकर निवृत्त झालेले, बारीक, तिरकस बोलणारे. पहिल्या दिवशी मी दाराची बेल दोनदा वाजवली तर दार उघडून म्हणाले, ‘एकदा वाजवली तरी ऐकू येते. आम्ही घरातच असतो.’ मग आत नेऊन त्यांनी मला नियम सांगितला. तो एकच नियम होता, आणि ही सगळी गोष्ट त्याचीच आहे.

कंपनीचा विंडोजचा ड्रायव्हर उघडून, तो कार्डाला काय काय सांगतो हे वाचायला हरकत नव्हती. पण जो माणूस ते वाचेल त्यानं नवा ड्रायव्हर लिहायचा नाही. त्यानं फक्त साध्या भाषेत वर्णन करायचं: आधी हे होतं, मग ते होतं. ते वर्णन दुसऱ्यांनी घ्यायचं आणि त्यावरून आपल्या अकलेनं ड्रायव्हर लिहायचा. वाचणारे वेगळे, लिहिणारे वेगळे. दोघांनी कार्डाबद्दल एकमेकांशी तोंडी एक अक्षर बोलायचं नाही. लिहिणाऱ्यांना काही विचारायचं असेल तर ग्रुपच्या मेलवर विचारायचं, सगळ्यांना दिसेल असं. आणि कंपनीच्या आतल्या कागदांना तर कोणीच हात लावायचा नाही, ना वाचणाऱ्यांनी, ना लिहिणाऱ्यांनी. उद्या कंपनीनं ‘तुम्ही चोरलंत’ म्हटलं तर छाती ठोकून सांगता आलं पाहिजे की लिहिणाऱ्यांनी चोरण्यासारखं काही पाहिलेलंच नाही.

म्हणून वाचणारे आतल्या खोलीत बसायचे आणि लिहिणारे गॅलरीत. मधल्या हॉलमध्ये मुक्ताई वहिनी, सरांच्या पत्नी. दोन्हीकडे जायची परवानगी फक्त त्यांना होती, कारण चहा त्या न्यायच्या.

‘अहो, माझ्या आजोळी एवढं सोवळं नव्हतं,’ त्या एकदा ट्रे ठेवताना म्हणाल्या. ‘त्याला शिवू नको, ह्याच्याशी बोलू नको. माझी आजी असती तर तुमच्यापुढे हात टेकले असते तिनं.’

सगळे हसले. मीही हसले, पण मला माझी आजी आठवली. तिला भंडाऱ्याजवळच्या गावात विहिरीवर पोहरा टाकू देत नसत. वरून कोणी पाणी ओतायचं आणि ती खाली हात धरून उभी राहायची. छप्पन सालानंतर आजोबांनी धम्म घेतला आणि त्या विहिरीकडे कुणी पुन्हा गेलं नाही. आणि तिची नात बिबवेवाडीच्या गॅलरीत सोवळ्यात बसली होती, आणि वाचणाऱ्यांचा विटाळ होऊ नये म्हणून सगळं घर तिला जपत होतं. मला याची गंमत वाटायची. खोटं कशाला बोलू, थोडा माजही चढायचा.

वाचणाऱ्यांत दोघंच होते, अनिरुद्ध सर आणि सुदर्शन. गॅलरीतले बाकीचे लिहून झालेलं तपासायचे, ड्रायव्हर लिहायचे ती मी एकटी.

सुदर्शन वर्ध्याचा. धायरीत तीन मित्रांबरोबर खोली घेऊन राहायचा. पहिल्या रविवारी निघताना जिन्यात त्यानं कोणाला तरी फोनवर ‘मी येऊन राहिलो ना बावा’ म्हटलं आणि मला फस्सकन हसू आलं. पुण्यात आल्यापासून हे असं बोलणं मी घराबाहेर दाबून टाकलं होतं, कारण शाळेत मुली नक्कल करायच्या. तो मात्र बिनधास्त बोलायचा. त्यालाही कळलं मी का हसले ते. ‘कुठली तू?’ ‘भंडारा.’ ‘मग काहून एवढी शुद्ध बोलून राहिली?’ तिथून सुरू झालं.

आमचं जमलं, असं सरळच सांगते. आम्ही खडकी स्टेशनच्या बाकावर बसायचो, भेळ खायचो, जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलायचो आणि कार्डावर एक शब्द बोलायचो नाही. तो आत काय वाचतो ते मी विचारायचे नाही. मी कुठे अडलेय ते तो विचारायचा नाही. लोक प्रेमात चंद्र आणून द्यायच्या गप्पा मारतात. आम्ही एकमेकांपासून एक गोष्ट राखून ठेवायचो आणि मला तेच प्रेमाचं लक्षण वाटायचं. दिवाळीच्या सुमारास त्याला हिंजवडीत नोकरी लागली. बँकांची सॉफ्टवेअरं बनवणारी कंपनी आहे म्हणाला, आणि नाव विचारायचं मला सुचलं नाही. पेढे आणले, बाबांनाही दिले. ड्रायव्हर झाला की दोन्ही घरी सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. त्याच्या घरी माझी जात कळल्यावर काय होईल याचा अंदाज आम्हा दोघांनाही होता, आणि त्याआधी माझ्या हातात काहीतरी ठोस असावं असं मला वाटत होतं.

ते काय, हे त्याला मी त्या बाकावर बसूनच सांगितलं होतं, आजीच्या विहिरीपासून सुरुवात करून. कॉलेजात माझा प्रवेश झाला त्या दिवशी मागे उभी असलेली एक मुलगी आईला म्हणाली होती, ‘यांचं बरं असतं.’ मी वर्गात पहिली आले तेव्हा तीच मुलगी हेच म्हणाली. क्लासमध्ये नोकरी लागली तेव्हा तिथल्या सरांनी हसत हसत हेच म्हटलं, आणि तो तर खाजगी क्लास! मी काहीही करावं आणि लोकांनी ते कुणीतरी माझ्या ओंजळीत वरून ओतलंय असं समजावं. ‘हा ड्रायव्हर तसा नाही,’ मी सुदर्शनला म्हणाले होते. ‘जगभरची ती लिनक्सवाली माणसं माझं आडनाव ओळखत नाहीत. कोड चालला तर घेतात, नाही चालला तर फेकतात. हे एकटीनं केलेलं असेल, आणि त्यावर माझं नाव असेल.’ मग त्यानं माझा हात धरला. त्याला समजलं असं मी धरून चालले.

ड्रायव्हर पावसाळा संपेपर्यंत बहुतांशी लिहून झाला होता. अडलं ते एका जागी. कार्डाचा रेडिओ चालू करायचा हुकूम दिला की कार्ड जागं व्हायचं, क्षणभर थांबायचं आणि परत झोपी जायचं. निळा दिवा लुकलुकायचा आणि विझायचा. मी सगळं करून पाहिलं. हुकूम उलटे दिले, दोनदा दिले, दमदाटी करावी तसे दिले. हिवाळा आला. वर्णनात त्या जागी एक वाक्य मोघम होतं, म्हणून मी नियमाप्रमाणे मेलवर विचारलं: रेडिओ चालू केल्यावर पुढचा हुकूम देण्याआधी नेमकं काय होतं? अनिरुद्ध सरांनी उत्तर दिलं, ‘पुन्हा वाचून सांगतो. घाई असेल तर विंडोज टाका.’ सर प्रत्येक ओळ तीनदा वाचल्याशिवाय लिहीत नसत.

त्या दिवसांत मी चिडचिडी झाले होते. एकदा स्टेशनवर मला रडू फुटलं. कारण मी सांगितलं नाही, पण सुदर्शनला ते न सांगता कळण्यासारखं होतं. मेल त्यानंही वाचला होता.

दोन दिवसांनी ग्रुपवर सुदर्शनचं उत्तर आलं. अगदी छोटं. रेडिओ चालू केल्यावर दोनशे वीस मायक्रोसेकंद थांबायचं, मग पुढचा हुकूम द्यायचा. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. मी तेवढं थांबायची ओळ घातली.

दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

दुपारची वेळ होती. बाबा पहिल्या पाळीहून येऊन जेवत होते. खिडकीतला इंटरनेटचा डबा वायरलेसवालाच होता. मी लॅपटॉपची वायर उपसली, लॅपटॉप तसाच उचलला, दारातून बाहेर आले, क्वार्टरच्या अंगणात कडुनिंबाखालच्या खाटेवर बसले आणि एक पान उघडलं. उघडलं! बाबा उष्ट्या हातानं बाहेर आले. शेजारच्या चंद्रभागा काकू वाळवण सोडून आल्या, त्यांनी लॅपटॉपच्या मागे वाकून पाहिलं, खाटेखाली पाहिलं. ‘वायर कुठंय गं?’

‘वायर नाही,’ बाबा म्हणाले. ‘नम्रीनं बिनवायरचं केलं.’ जसं काही वायर नसणं हाच माझा शोध होता. मी दुरुस्त केलं नाही. मी इतकी खूश होते की त्या दिवशी त्यांनी विमान मी उडवलं म्हटलं असतं तरी हो म्हटलं असतं.

कोड पाठवला. लिनक्सच्या त्या भागाचा सांभाळ करणारा एक माणूस होता, दूर कुठल्या तरी थंड देशातला, स्तुतीच्या बाबतीत महाकंजूष. त्यानं लिहिलं, काम नीटस आहे, पुढच्या आवृत्तीत घेतो. खाली माझं नाव, नुसतं नाव. बाबांनी ते पान छापून आणायला लावलं. इंग्रजीतलं एक वाक्य आणि त्याखाली ‘नम्रता’. ते त्यांनी फॅक्टरीत नेलं आणि कँटीनमध्ये सगळ्यांना दाखवलं.

पुढच्या रविवारी बिबवेवाडीत शिरा होता. सरांनी जाहीर केलं की काम झालं आहे, आता वाचणारे आणि लिहिणारे एका ताटात जेवले तरी चालेल. पहिल्यांदाच आम्ही सगळे हॉलमध्ये एकत्र बसलो. सुदर्शन माझ्या शेजारी. सरांनी माझा कोड मोठ्या पडद्यावर लावला होता आणि वाचत होते. वाचणाऱ्याला आता लिहिलेलं बघायला हरकत नव्हती.

‘हे चांगलंय,’ ते म्हणाले. सरांच्या तोंडून हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. मग थांबले. ‘हा आकडा कुठून आला?’

‘वर्णनातून,’ मी म्हणाले. ‘सुदर्शनच्या उत्तरातून.’

‘नाही. म्हणजे उत्तर मी पाहिलं. मला वाटलं, गोळाबेरीज करून अंदाजानं दिलं असेल. पण अंदाज इतका नेमका नसतो.’ ते सुदर्शनकडे वळले. ‘तो भाग मीही वाचलाय. नुकताच पुन्हा वाचला, नम्रतांनी विचारलं म्हणून. तिथे थांबणं नाहीच आहे. कंपनीचा ड्रायव्हर कार्डाला विचारत राहतो, झालास का तयार, झालास का तयार. कार्ड हो म्हणालं की पुढे जातो. किती वेळ लागतो ते त्या ड्रायव्हरला स्वतःलाच ठाऊक नाही. मग तुम्हाला कुठून कळलं?’

वहिनी शिऱ्याचं भांडं घेऊन उभ्या होत्या. त्यांना हे कितपत कळलं कोण जाणे, पण मला कळलं, आणि घरातल्या गोष्टीसारखं लख्ख कळलं. एखादी बाई कुकरजवळ उभी राहून ऐकत असते, भात झाला का ते. तिला बघून बघून कोणी फार तर ‘ती ऐकत उभी असते’ एवढंच सांगू शकेल. ‘बरोब्बर सव्वाअकरा मिनिटं’ असं सांगायचं तर कुकर बनवणाऱ्याचा कागद वाचायला लागतो.

मी सुदर्शनकडे पाहिलं. तो ताटलीतला शिरा चमच्यानं एका बाजूला सारत होता.

‘तुझी कंपनी कोणती?’ मी विचारलं.

‘सांगितलं ना तुले. बँकेची...’

‘कोणती, सुदर्शन?’

त्यानं नाव सांगितलं. कार्ड बनवणारी तीच कंपनी. तिचं एक ऑफिस हिंजवडीत होतं, दिवाळीपासून तो तिथे होता. आतले सगळे कागद त्याच्या टेबलावरच्या मशीनवर उघडायचे. तरीही दर रविवारी तो आतल्या खोलीत येऊन बसत होता, वाचणारा म्हणून. सरांनी पडदा बंद केला.

मी खाली आले. तो मागून आला. रस्त्यावर गिरणी चालू होती, रविवारची दळणं, त्यामुळे दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं, आणि मला त्याचं बरं वाटलं.

‘सांगितलं असतं तर ग्रुपमधून काढलं असतं,’ तो म्हणाला. ‘तूही बोलली नसती.’

‘नसतेच बोलले.’

‘मी काही विकलं का? कोणाचं नुकसान केलं? माझी नोकरी जाईल हे कळालं तर. मी नोकरी पणाला लावली तुझ्यासाठी.’

‘कुठली नोकरी? तू तर बँकेचं काम करतोस ना?’

त्याचा चेहरा पडला. मग तो हळू आवाजात बोलायला लागला, गिरणीमुळे मला जवळ जावं लागलं, आणि नसते गेले तर बरं झालं असतं. ‘तू रडून राहिली होती, नम्रता. मले पाहावलं नाही. किती महिने? तुले जमून नव्हतं राहिलं. मले माहीत होतं काय करायचं ते, अन् मी गप बसू? आपल्या माणसाले एवढंही देऊ नये का?’

तुले जमून नव्हतं राहिलं. बाकावर माझा हात धरून त्यानं ऐकलं होतं ते हे. मी इतकं सांगितलं, आजीची ओंजळ सांगितली, आणि हा उठून वरून पाणी ओतायला गेला. त्या मुलीचा मला राग यायचा, पण ती बिचारी निदान मागे उभी राहून बोलायची. ह्यानं हात धरला होता. मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच सांगते, हात शिवशिवले.

‘रडत होते,’ मी म्हणाले. ‘मागत नव्हते.’

‘कोणाले कळलं असतं?’

‘मला.’

‘तुलेही नसतं कळलं. सरांनी उकरून काढलं नसतं तर...’ एवढं बोलून तो थांबला, कारण आपण काय बोलून गेलो ते त्याला उमगलं. म्हणजे आयुष्यभर मी ते नाव मिरवायचं, आणि हा शेजारी बसून मनातल्या मनात हसायचा. हसला नसता कदाचित. मायेनं बघितलं असतं. ते तर त्याहून वाईट. मी त्याला जायला सांगितलं. तो गेला, मोटारसायकल दोन किकमध्ये चालू झाली नाही, तिसऱ्यांदा झाली, आणि मी तेवढा वेळ त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.

वर आले तेव्हा बाकीचे निघून गेले होते. सर गॅलरीत माझ्या जागेवर बसले होते.

‘त्याचं नाव सांगितलं तर,’ ते म्हणाले, ‘कंपनी म्हणेल, यांचा वाचणाराच आमचा नोकर होता. मग माझी वर्णनंही चोरीचीच ठरतील. सगळ्यांचं सगळं काम जाईल.’

‘आणि नाही सांगितलं तर?’

‘तुमचा कोड मागे घ्यावा लागेल. काही भाग स्वच्छ नाही, एवढंच लिहायचं.’ त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. तिरकस बोलण्यात हुशार माणूस, पण साधं वाक्य त्यांना जड जात होतं. ‘आणि नम्रता, यापुढे, म्हणजे या कार्डाच्या बाबतीत, तुम्हाला... तुम्ही तो आकडा पाहिलाय. त्यामुळे...’

‘त्यामुळे मी शिवायचं नाही.’

त्यांनी मान खाली घातली. हॉलमध्ये वहिनींच्या हातातलं भांडं वाजलं. आपलं ते सोवळ्याचं बोलणं त्यांना आठवलं असावं, कारण त्या बाहेर आल्या नाहीत.

‘तुमचं उत्तर काय होतं, सर?’ मी निघताना विचारलं. ‘मी विचारलेल्या प्रश्नाचं?’

‘तेच. विचारत राहतो म्हणून. लिहून तयार होतं. एकदा ताडून पाहायचं राहिलं होतं, रविवारी पाठवणारच होतो. मग त्याचं उत्तर आलं आणि तुमचं चालू झालं. म्हटलं, आता कशाला.’

पीएमटीच्या बसमध्ये खडकीपर्यंत मला तेवढंच ऐकू येत होतं. रविवारी पाठवणारच होतो.

त्याच संध्याकाळी मी लिहिलं: माझ्या कोडमधला काही भाग नियम मोडून आलेल्या माहितीवर आधारलेला आहे, कृपया तो घेऊ नये. माझ्या नावानं पाठवलेला कोड, माझ्याच नावानं मागे घेतलेला. कोणीही काय समजायचं ते समजेल, आणि समजले. थंड देशातल्या त्या माणसानं सरळ विचारलं की कंपनीचे कागद तुला कसे मिळाले. मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या कोणीतरी लिहिलं की अशा लोकांमुळे सगळ्यांचं नाव खराब होतं. अशा लोकांमुळे. त्या माणसाला माझं आडनाव ठाऊक नव्हतं, जात म्हणजे काय हेही नसेल, आणि तरी मी फिरून त्याच ओळीत उभी होते. सुदर्शनवर मी दया केली असं कुणी समजू नये. सरांचं काम वाचावं म्हणून मी गप्प राहिले. त्याची नोकरी फुकटात वाचली, याचा मला आजही संताप येतो.

बाबांना सांगायला मला जमेना. शेवटी मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. त्यांच्या कारखान्याच्या गेटवर सगळ्यांची झडती होते, काडेपेटी सापडली तर काढून घेतात, साहेबाचीसुद्धा. ‘तसा आमचाही नियम होता बाबा. माझ्या डब्यात कोणीतरी काडेपेटी ठेवली.’

‘स्फोट झाला का?’

‘नाही.’

‘पण सापडली.’

‘हो.’

‘कोण, तो पेढेवाला?’ त्यांनी विचारलं, आणि मी मान हलवली. त्यांनी शर्टाच्या खिशातून तो छापलेला कागद काढला, घडीवर घडी घातली आणि कपाटात कपड्यांखाली ठेवून दिला. फॅक्टरीत त्यांनी नंतर काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

सुदर्शनचे मेसेज बरेच दिवस येत राहिले. सॉरी, समजून घे, भेटू या, आणि शेवटचा ‘तुझा इगो फार मोठा आहे.’ तेव्हापासून मी त्याचा नंबर पाठ असूनही विसरले.

मी लॅपटॉपला परत वायर लावली. लांब निळी वायर, खिडकीपासून पलंगापर्यंत. आई झाडताना तीत अडकायची आणि कंपनीला शिव्या घालायची, त्या मला गोड लागायच्या. बिबवेवाडीला मी जायची थांबले. वहिनींनी दोनदा फोन केला, ‘नुसती चहाला ये.’ मी येते म्हणाले आणि गेले नाही.

वर्ष उलटून गेल्यावर लिनक्सची नवी आवृत्ती आली. मी सवयीनं ती टाकली, मशीन परत चालू केलं आणि पाणी प्यायला आत गेले. बाहेरून बाबांची हाक आली.

‘नम्रे! ये इकडं! लागला तुझा दिवा!’

निळा दिवा लागला होता. मी काही केलं नव्हतं. बाबांनी वायर उपसून हातात धरली होती आणि दारातून चंद्रभागा काकूंना ओरडून सांगत होते, ‘पाहा, बिनवायरचं चालून राहिलं! म्हटलं होतं ना, पोरगी करेल म्हणून!’

‘माझा नाही बाबा,’ मी म्हणाले. ‘दुसऱ्या कोणीतरी लिहिला.’

त्यांच्या हातातली वायर खाली आली. काकू दारात येऊन थबकल्या, काहीतरी कळल्यासारख्या परत फिरल्या.

मी खाली बसले आणि तो ड्रायव्हर उघडला. उघडा असतो, कुणीही वाचू शकतं, माझ्यासारखीसुद्धा. सरांच्या वर्णनावरून दूरच्या कुठल्याशा पोरानं लिहिलेला होता. रेडिओ चालू करायची ती जागा मी शोधली. तिथे थोड्याच ओळी होत्या. कार्डाला विचार, तयार आहेस का. नाही म्हणालं तर परत विचार. हो म्हणालं की पुढे जा. अगदी साधं होतं. मी एका दुपारीत लिहिलं असतं.

मला जमलं असतं. सुदर्शनला हे मी कधी सांगायला जाणार नाही. त्याला ते आधीच माहीत असायला हवं होतं.